मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचं अंतर, लागणारा वेळ आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

दर उन्हाळ्यात मुंबईच्या विमानतळावर एक ठरलेलं दृश्य दिसतं. गळ्यात पासपोर्टची पिशवी, बॅगेला ओळखीसाठी बांधलेली लाल साडीची चिंधी, आणि लेकाकडे किंवा लेकीकडे न्यू जर्सीला निघालेले आई-बाबा. आमच्याकडे हे आतापर्यंत चार वेळा झालं. दर वेळी आई, बाबा, डोंबिवलीची मावशी आणि शेजारचे काका मिळून मला तेच प्रश्न विचारतात, आणि मी फोनवर तीच उत्तरं देतो. म्हणून ती एकदाची इथे लिहून ठेवतोय.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर नेमकं किती?

सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. मैलांत साधारण ७,८००. वैमानिक नॉटिकल मैलांत मोजतात (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर), त्या हिशेबाने ६,७७० च्या आसपास.

डोळ्यांसमोर यावं म्हणून सांगतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तसे जवळजवळ अठरा महामार्ग एकापुढे एक अंथरले की न्यूयॉर्क येतं. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे एका झोपेत आपण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं अंतर कापतो. झोप लागली तर.

वेगवेगळ्या ठिकाणी आकडे थोडे वेगळे दिसतात. कुणी विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजतं, कुणी शहराच्या मध्यापासून, कुणी पृथ्वी अगदी गोल धरतं तर कुणी तिचं ध्रुवांकडचं चपटेपण हिशेबात घेतं. पंचवीस-पन्नास किलोमीटरवरून वाद घालू नका.

आणि वेळ किती लागतो?

थेट विमान असेल तर जाताना सुमारे १६ तास, येताना १४ ते साडेचौदा. मधे थांबा असेल तर २० पासून ३० तासांपर्यंत काहीही.

१२,५०० भागिले ताशी ९०० असा भागाकार बाबांनी पाकिटावर करून दाखवला होता. उत्तर चौदाच्या जरासं खाली येतं. मग वरचे दोन तास कुठे जातात, हा त्यांचा खरा प्रश्न. त्यातली काही मिनिटं धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यात आणि वर चढण्या-उतरण्यात जातात. काही वेळ वाट वाकडी केल्यामुळे जातो. बाकीचा वारा खातो.

जाताना जास्त आणि येताना कमी, असं कसं? अंतर तर तेच आहे.

आईचं म्हणणं होतं, "येताना उतार असेल." हसलो होतो, पण उपमा अगदीच टाकाऊ नाही.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तरेची गार हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे भिडते तिथे ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात दोन्हींतला तापमानाचा फरक वाढतो, तसा त्यांचा जोरही वाढतो. ताशी २०० किलोमीटरचा वारा तिथे नवलाचा नाही.

कोकणातल्या खाडीत होडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इंजिन तेच, डिझेल तेच, पण ओहोटीच्या पाण्यातून आत शिरायचं म्हटलं की होडी रांगते, आणि त्याच पाण्याबरोबर बाहेर पडताना आपसूक सुटते. विमानाचं हवेतलं असंच. हवेच्या मानाने ते ताशी ९०० नेच जातं, पण ती हवा स्वतःच समोरून येत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग उतरतो. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा लावून बसलात तर हे स्वतः बघता येईल. गेल्या वेळी जाताना अटलांटिकवर मी ८१० चा आकडा बघत बसलो होतो. परतताना तिथेच कुठेतरी तो १,०४० वर गेला. चहाचा कप मात्र दोन्ही वेळा तितकाच स्थिर होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याच प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात.

माझं आवडतं उदाहरण मात्र आपल्याकडचं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढलं, सुमारे १३,९०० चे १५,३०० किलोमीटर झाले. तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, नेहमीपेक्षा लवकर, कारण सगळी वाट वाऱ्याच्या संगतीने होती. तिकिटावर अंतर छापत नाहीत आणि वेळ छापतात, ते योग्यच आहे.

अमेरिका पश्चिमेला, मग विमान उत्तरेला, रशिया-ग्रीनलंडकडे का जातं?

हा प्रश्न विचारणाऱ्याने भिंतीवरचा नकाशा क्षणभर विसरावा आणि घरातला पृथ्वीचा गोल काढावा. आमच्याकडे बाबांनी माझ्या पुतणीचा गोल घेतला आणि आईचा हार ओवायचा दोरा. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. ढिला असताना तो अरबस्तान, आफ्रिका असा फिरत होता. ताणल्याबरोबर टुणकन वर सरकला आणि थेट रशियावर जाऊन बसला. "अरेच्चा," एवढंच बाबा म्हणाले. मग पुतणीने गोल परत मागेपर्यंत त्यांनी सिडनी, लंडन, टोकियो सगळं मोजून घेतलं.

गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात छोटी वाट म्हणजे हा ताणलेला दोरा. सपाट नकाशावर तीच वाट कमानीसारखी दिसते, कारण नकाशा करताना उत्तरेकडचा भाग ताणून रुंद केलेला असतो. खोटी कमान नाही, खोटा नकाशा आहे.

आता ही रेषा कुठून जाते बघा. मुंबईहून ती पश्चिमेला जातच नाही, उत्तर-वायव्येला निघते. पाकिस्तान, मग अफगाणिस्तानात हेरातच्या जरा पूर्वेकडून, तुर्कमेनिस्तान, अरल आणि कॅस्पियन समुद्रांच्या मधून, रशियात सारातोव्हजवळून, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीजवळून, स्वीडन-नॉर्वे ओलांडून. नॉर्वे आणि आइसलँडच्या मधे ती सगळ्यात वर, ६५ अंश उत्तरेच्या जवळ पोहोचते. तिथून खाली वळते, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडात शिरते, आणि न्यूयॉर्कला ईशान्येकडून येऊन टेकते.

मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ च्या आत. दोन्हींना जोडणारी सगळ्यात जवळची वाट ६५ पर्यंत जाऊन येते, हे शाळेच्या भूगोलात कुणी नीट सांगितलं असतं तर मला तो विषय आवडला असता.

दिल्लीहून न्यूयॉर्क जवळ की मुंबईहून?

दिल्लीहून, आणि थोडंथोडकं नाही. दिल्ली-न्यूयॉर्क साधारण ११,७५० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा साडेसातशे किलोमीटर तरी जवळच. दिल्ली मुंबईच्या पूर्वेला आहे, अमेरिका पश्चिमेला, तरीही. कारण वरचंच : वाट उत्तरेची आहे आणि दिल्ली त्या वाटेवर आधीच पुढे उभी आहे.

मग विमान खरंच त्या दोऱ्यावरून जातं का?

क्वचितच. वाटेत देश आहेत, आणि प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं आहे. त्यावरून जायचं तर परवानगी लागते आणि पैसेही मोजावे लागतात.

बालाकोटनंतर, फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २४ एप्रिल २०२५ पासून त्यांनी भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद केलं, भारतानेही उत्तर तसंच दिलं, आणि ही बंदी महिन्यामहिन्याने वाढवत नेली गेली. दिल्लीच्या विमानांना त्याचा फटका मोठा, कारण त्यांची सरळ वाटच तिथून आहे. मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने निघून मग वर वळू शकतं, त्यामुळे आपला वळसा तुलनेने लहान पडतो. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा त्या बाजूचीही आकाशं बंद झाली, आणि उरलेल्या वाटांवर गर्दी झाली.

रशियाचं आणखी वेगळं. २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची विमानं तिथून जात नाहीत, भारतीय जाऊ शकतात. त्यामुळे दोन कंपन्यांची विमानं एकाच दिवशी, एकाच शहराकडे वेगवेगळ्या वाटांनी जाताना दिसतील. ६ जून २०२३ ला एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरलं. २१६ प्रवासी तिथे मिळेल त्या जागेत राहिले, आणि त्यांना पुढे नेण्यासाठी दुसरं विमान मुंबईहून पाठवावं लागलं. त्या बातमीनंतर मावशीने मला विचारलं होतं, "स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवू ना रे?" ठेवा. कारण काहीही असो, स्वेटर हातातल्याच बॅगेत ठेवा.

दुबई किंवा लंडनवरून गेलं तर अंतर खूप वाढतं का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या जरासं वर, बेरीज साधारण १२,९५०. लंडनवरून ७,२०० आणि ५,५४०, म्हणजे १२,७५० च्या आत. थेट वाटेपेक्षा दोन-चार टक्केच जास्त. वेळ वाढतो तो जमिनीवर. दोन तासांचा थांबा असेल तर उत्तम, पण वय झालेल्या माणसाला व्हीलचेअर घेऊन दुसऱ्या टर्मिनलला जायचं असेल तर दोन तास मला कमी वाटतात. मी आईबाबांसाठी तीन-चार तासांचा थांबा शोधतो. अकरा तासांचा स्वस्त थांबा मात्र स्वस्त नसतो. तेवढ्या वेळात खाण्यापिण्यावर जे जातं ते तिकिटात धरा.

माझं मत विचाराल तर गुडघे धड असतील आणि इंग्रजीची धास्ती असेल तर थेट विमान. १६ तास बसवत नसेल तर थांबा घ्या.

पृथ्वी फिरतेच आहे, मग विमान हवेत नुसतं थांबलं तर न्यूयॉर्क आपोआप खाली येईल का?

शेजारच्या काकांचा प्रश्न. दर गणपतीत विचारतात.

मुंबईची जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने पूर्वेला जाते आहे. पण तिच्यावरची हवा, झाडं, काका आणि उभं असलेलं विमान हे सगळंच त्या वेगाने जातंय. चालत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच हे.

पहाटे २ ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला कसे पोहोचतो?

घड्याळ मागे जातं म्हणून. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपण कधीच काही करत नाही.

तर हिशेब असा : मुंबईहून पहाटे २ ला निघालात, अधिक १६ तास, म्हणजे मुंबईत संध्याकाळचे ६. त्यातून साडेनऊ तास वजा करा, सकाळचे साडेआठ. हिवाळ्यात साडेसात. परतताना उलट. तिथून सकाळी साडेअकराला निघालात तर मुंबईत त्या वेळी रात्रीचे ९ वाजलेले असतात (उन्हाळ्यात). साडेचौदा तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी साडेअकराला, तुम्ही मुंबईत. घड्याळात बरोबर तेच वाजलेले, फक्त एक दिवस गेलेला. आई त्याला "गहाळ झालेला मंगळवार" म्हणते.

आणि कृपा करून तारीख नीट वाचा. तिकिटावर १२ तारीख, पहाटे २.०० असेल तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री जायचं असतं. आमच्या नात्यातले एक जण १२ च्या रात्री जेवून, औक्षण करून, नारळ हातात घेऊन निघाले. विमान तोवर न्यूयॉर्कला पोहोचूनही बराच वेळ झाला होता.

हिवाळ्यात रात्र संपतच नाही, हे खरं?

खरं आहे, आणि हे एकदा अनुभवण्यासारखं आहे. ६० अंश उत्तरेला पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी साडेआठशेच्याही आत येतो. म्हणजे तिथे विमान पश्चिमेला जात असेल तर ते सूर्याला मागे टाकू शकतं. डिसेंबरात पहाटे २ ला मुंबईहून निघालात तर १६ तास अंधारच. उजाडतं ते थेट न्यूयॉर्क जवळ आल्यावर, उतरायच्या बेतात. जूनमध्ये याच वेळच्या विमानात वेगळाच तमाशा : उत्तरेकडे सरकताच क्षितिजावर केशरी पट्टा उमटतो. शेजारचा प्रवासी खिडकीची झडप खाली ओढायला सांगेल. दोन मिनिटं थांबायला सांगा.

इतक्या लांब जायला इंधन पुरतं?

बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर मावतं. पेट्रोल पंपावर येणारा २०,००० लिटरचा टँकर धरला तर तसे नऊ. वजन साधारण १४५ टन, आणि विमानाला उडायला परवानगी मिळते ती प्रवासी-सामानासकट जास्तीत जास्त ३५१ टनांपर्यंत. म्हणजे लांबच्या प्रवासात विमान मुख्यतः स्वतःचं इंधनच वाहत असतं. म्हणून सुरुवातीला ते जड असतं, खालच्या उंचीवर राहतं, आणि इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. प्रवासाच्या मध्यावर इंजिनांचा आवाज जरा बदलला तर घाबरू नका, ती त्यातलीच एक पायरी असू शकते.

वळसा, समोरचा वारा, उतरायला मिळालं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाणं, हे सगळं धरून वर राखीव इंधन घ्यावंच लागतं.

वैमानिक १६ तास जागा राहतो?

नाही. अशा प्रवासाला साधारण चार वैमानिक असतात आणि पाळीपाळीने झोपतात. त्यांच्यासाठी वेगळ्या झोपण्याच्या जागा असतात. आपल्यापेक्षा बऱ्या.

पुण्याहून थेट का जाता येत नाही?

लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, आणि धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. इंधनाने भरलेलं मोठं विमान तिथून उचलणं अवघड. त्यामुळे पुणेकरांनी प्रवासाच्या वेळेत द्रुतगती मार्गही धरावा. शनिवारी संध्याकाळी निघालात तर खंडाळ्याच्या घाटात जो वेळ जातो त्यात विमान ओमानला पोहोचतं.

यापेक्षा लांबचं विमान आहे का?

आहे. सिंगापूर-न्यूयॉर्क, सुमारे १५,३०० किलोमीटर, पावणेएकोणीस तासांच्या आसपास. ते आपल्यापेक्षा जवळजवळ तीन तास जास्त बसतात, एवढं समाधान मानावं.

पूर्वी किती वेळ लागायचा?

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून लंडनला निघालं. पंख्याच्या इंजिनांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन. कैरो, जिनिव्हा करत १० तारखेला लंडनला पोहोचलं. न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली मे १९६० मध्ये, बोइंग ७०७ जेटने, लंडनमार्गे. जेटचा वेग तेव्हापासून फारसा वाढलेला नाही. बदललं ते एवढंच, की आता एका दमात जाता येतं.

पोहोचल्याचा फोन किती वाजता येईल?

छापील वेळ ही विमान जागेवर उभं राहण्याची असते. त्यात पासपोर्टची रांग, बॅगा, कस्टम्स आणि बाहेरची भेट मिळून दोन तास घाला. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरून न्यू जर्सीतल्या एडिसनला यायचं असेल तर गाडीचा दीड-दोन तास आणखी, न्यू जर्सीतल्याच नेवार्क विमानतळावर उतरलात तर पाऊण. म्हणजे विमान सकाळी साडेआठचं असेल तर आईचा फोन मुंबईत रात्री साडेआठच्या आत अपेक्षित धरू नका. मावशी, हे विशेष तुझ्यासाठी. सहापासून दर दहा मिनिटांनी मला मिस्ड कॉल देऊ नकोस, मी गाडी चालवत असतो.